सिकंदरच्या टाचा

उमरग्याच्या मकबूल नालबंदाला माणसाचा चेहरा लक्षात राहायचा नाही. पण बैलाचा खूर एकदा मांडीवर घेतला की तो जन्मभर ध्यानात राहायचा. सास्तूर, माकणीकडचे लोक बैल घेऊन त्याच्याकडं यायचे. "गेल्या साली आलतो," असं कुणी म्हटलं की तो त्या माणसाकडं कोऱ्या नजरेनं बघायचा, मग खाली वाकून बैलाचा पाय बघायचा आणि म्हणायचा, "हां, हां, तुमी व्हय."

त्याचा जोडीदार लिंबाजी. साठीला आलेला, ताडमाड, अंगानं दांडगा. बैलाला नाल ठोकायचे तर आधी त्याला आडवा पाडावा लागतो, ते काम लिंबाजीचं. दोराचे दोन फास टाकून तो बैलाला इतक्या हळुवार खाली घ्यायचा की बैलाला वाटावं आपण आपल्याच मर्जीनं झोपलो. बोलायचा मात्र कमी. सकाळी एकदा "रामराम" म्हटलं की दुपारपर्यंत त्याला शब्दांची गरज पडायची नाही.

मकबूलची एक खोड होती. कामाला नाही म्हणणं त्याला ठाऊकच नव्हतं. हे जमंल का, असं कुणी विचारलं की तोंडातून "जमतंय की" आधी बाहेर पडायचं आणि डोकं मागून चालत यायचं. अशानंच त्यानं एकदा शिंप्याचं शिवणयंत्र दुरुस्त करायला घेतलं होतं. त्या यंत्रानं पुढं कधी टीप घातली नाही. शिंपी अजून त्याच्या दुकानावरून जाताना तोंड फिरवायचा.

सन त्रेचाळीसचा सुमार असेल. राज्य निजामाचं, दुनियेत लढाई चालू. पेट्रोल मिळेना म्हणून सोलापूर-हैदराबाद सडकेवरच्या मोटारी पाठीवर कोळशाची भट्टी घेऊन धापा टाकत जायच्या. त्याच सडकेवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका होता आणि नाक्यावर मुनवरसाहेब अमीन, म्हणजे तिथले अंमलदार होते. पोट पुढं, मिशा वर, डोक्यावर रूमी टोपी. त्यांनी नुसतं "उतारो" म्हटलं तरी व्यापारी गाडीतला माल आणि अंगातलं अवसान दोन्ही खाली ठेवायचे.

एका शनिवारी सकाळी साहेबांचा चपराशी शिवलिंगप्पा धावत मकबूलकडं आला. सिकंदर लंगडतोय, साहेबांनी असाल तसं बोलावलंय, असं त्यानं सांगितलं. मकबूलनं मनात धरलं की सिकंदर म्हणजे साहेबांचा नवा घोडा. आपला मान राखायला त्यानं दोन जाणकार प्रश्न विचारले. अंगानं मोठा आहे का? शिवलिंगप्पा म्हणाला, भलताच, खाऊन खाऊन सुटलाय. लाथ मारतो का? शिवलिंगप्पानं मनगट पुढं करून ओरखडे दाखवले आणि मागच्या पायांपासून जपून राहा म्हणाला.

"बगून देताव का?" शिवलिंगप्पानं विचारलं.

"त्यात काय, जमतंय की," मकबूल म्हणाला, आणि लिंबाजीला त्यानं जाडा दोर घ्यायला सांगितलं.

दोघं बंगल्यावर पोचले तेव्हा साहेब ओसरीत येरझारा घालत होते. त्यांनी दोघांना थेट आतल्या खोलीत नेलं. घोडा खोलीत कसा ठेवला असेल याचा विचार मकबूल करतोय तोवर साहेबांनी एका तिवईवरचं फडकं उचललं. खाली तारेचा पिंजरा होता आणि पिंजऱ्यात एक पांढराशुभ्र ससा बसला होता. उशीएवढा गुबगुबीत, डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे. मकबूलनं ससे बघितले होते ते शेतात, मातकट आणि पळताना. असा बसलेला आणि माणसाकडं वैतागून बघणारा ससा त्यानं पहिल्यांदाच बघितला.

साहेबांचं लक्ष लिंबाजीच्या खांद्यावरच्या दोराकडं गेलं. हे कशाला, असं त्यांनी विचारलं.

"पाडायला, हुजूर," मकबूल म्हणाला.

साहेबांनी सशाकडं बघितलं. सशानं साहेबांकडं बघितलं. लिंबाजीनं सावकाश दोर पाठीमागं नेला.

मग साहेबांनी दार लोटून घेतलं आणि खरी गोष्ट सांगितली. सिकंदर बेगमसाहेबांचा. फरिदा बेगमना तो हैदराबादेत माहेराहून मिळालेला, पोटच्या पोरासारखा जपलेला. महिन्यापूर्वी त्या बहिणीच्या लग्नाला गेल्या. त्या असताना ससा त्यांच्या खोलीत गालिच्यावर असायचा. आता गालिचा साहेबांच्या आवडीचा, आणि सशाच्या लेंड्या काही साहेबांच्या आवडीच्या नव्हत्या. म्हणून बेगमची पाठ फिरताच त्यांनी स्वतः कागदावर आखून हा पिंजरा करवून घेतला. चारी बाजूंनी तार, वर तार आणि खालीही तारच. सगळी घाण तारेतून खालच्या तबकात पडते, खोली आरशासारखी. साहेबांना या अकलेचा फार अभिमान होता. पण आठवडाभर झालं, सिकंदर मागचे पाय उचलून ठेवत होता, आणि येत्या शुक्रवारी बेगम परत येणार होत्या.

"इलाज हो जाता क्या, मकबूल मियां?" साहेबांनी विचारलं. नाक्यावरचा आवाज या खोलीत कुठं राहिला होता कुणास ठाऊक.

"हो जाता की, हुजूर," मकबूल म्हणाला. त्याचं डोकं अजून बाहेर ओसरीतच होतं.

लिंबाजीनं ससा उचलून मांडीवर घेतला. एवढ्या राक्षसी हातांत आपण कसे आलो याचा विचार करत असल्यासारखा सिकंदर निपचित राहिला. मकबूलनं मागचे पाय उलटे करून बघितले. सशाला बैलासारखा खूर नाही, कुत्र्यासारखी गादीही नाही. नुसती दाट लव, आणि बसतो तो लांबच्या लांब टाचेवर. त्या दोन्ही टाचांवरची लव झडून बोराएवढा डाग पडला होता. डावा लालबुंद, उजव्याला भेग पडून खपली धरलेली. बिचारा एकेक पाय उचलून हवेत धरत होता, तो यामुळं.

पाय दुखतो तर पायाला जोडा पाहिजे, हे नालबंदाला सुचणारच. दुसऱ्या दिवशी मकबूलनं बकऱ्याच्या मऊ कातड्याचे दोन इवलेसे जोडे शिवून आणले. आत कापूस, वर बांधायला नाडी. जोडे घातल्यावर सिकंदर एखाद्या नवरदेवासारखा ऐटीत बसला. साहेब इतके खूश झाले की त्यांनी चहा मागवला. शिवलिंगप्पा चहा घेऊन येईपर्यंत सिकंदरनं डावा जोडा नाडीपर्यंत खाल्ला होता. चहा पिऊन होईपर्यंत उजवाही संपत आला.

सोमवारी मकबूलनं पट्ट्या बांधल्या. सिकंदरनं त्या सोडवल्या आणि चघळल्या. मंगळवारी पट्ट्यांना कडुलिंबाचा पाला वाटून फासला, म्हणजे कडू लागून तोंड लावणार नाही. सिकंदरला तो पाला इतका आवडला की पट्टी संपल्यावर तो मकबूलची बोटं हुंगू लागला. मग तोंडच बांधावं का, असं शिवलिंगप्पानं सुचवलं. लिंबाजीनं त्याच्याकडं असं बघितलं की तो पुन्हा दिवसभर खोलीत आला नाही.

बुधवारी उजव्या टाचेची खपली निघून पुन्हा लाल मांस दिसायला लागलं. साहेब काही ओरडले नाहीत. नुसते खुर्चीत बसले आणि बेगमला मी काय सांगू, असं स्वतःलाच विचारत राहिले. ओरडले असते तर मकबूलला बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर त्याला भाकरी गोड लागेना. त्याची बायको कुलसुमबी भिंतीशी बसून वाकळ शिवत होती. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून टाके घालायचे, हे तिचं रोजचं काम. अख्ख्या गल्लीत तिच्या हातच्या वाकळा होत्या. तिनं सुईवरची नजर न काढता विचारलं, ससा दिवसभर बसतो कशावर? मकबूलनं पिंजऱ्याचं वर्णन केलं. चांगलं भारावून केलं, कारण पिंजरा खरोखर सुबक होता आणि खालच्या तारेची कल्पना त्यालाही पटली होती.

कुलसुमबी उठली. तिनं भिंतीवरची गहू चाळायची तारेची मोठी चाळण काढली, दोन विटांवर ठेवली आणि त्याला म्हणाली, "पायताण काढून हुबं ऱ्हावा जरा ह्याच्यावर."

मकबूल उभा राहिला. ती परत जाऊन टाके घालायला लागली. तिच्या बहिणीची म्हैस व्यायली होती, तिचं सगळं बाळंतपण तिनं सावकाश सांगितलं. रेडकू उभं राहायच्या आतच मकबूल खाली उतरला. तळव्यांवर चाळणीचे चौकोन उमटले होते.

"तुमाला म्हशीचं रेडकू हुबं राहूस्तवर दम निघाला न्हाय," कुलसुमबी म्हणाली, "त्यो महिनाभर बसलाय. आन् तुमी त्येला जोडे शिवायलाव."

मग तिनं स्वतःचा घोटा दाखवला. नवी नवी शिवायला लागली तेव्हा सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसून तिथं घट्टा पडला होता, फुटलाही होता. औषधानं काही झालं नाही. खाली घडी घालून वाकळ घेतली आणि आपोआप गेला. तिनं पेटीतून एक लहान वाकळ काढली, जुन्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याची, आणि त्याच्यासमोर ठेवली. वर वाळलेलं गवत पसरा म्हणाली, आणि ओलं झालं की बदला. ओल्यात पाय राहिला तर चिखल्या होतात, मग माणूस असो की ससा.

आता औषध कळलं होतं, पण खरी अडचण तर पुढंच होती. पिंजराच वाईट आहे हे साहेबांना सांगायचं कुणी? गुरुवारी सकाळी काखेत वाकळ, डोक्यावर गवताचा भारा घेऊन मकबूल सडकेनं चालला होता आणि वाक्य जुळवत होता. लिंबाजी शेजारून चालत ऐकत होता.

बंगल्यावर गेल्यावर मकबूलनं घसा साफ केला.

"हुजूर, पिंजरा लई नामी हाय," तो म्हणाला. "असा पिंजरा आख्ख्या जिल्ह्यात न्हाय. सशाचे पायच जरा हलके पडले. पिंजऱ्याच्या तोलाचे न्हाईत."

साहेबांना काही उमजेना. मग सशाचे पाय बदलायचे का, असं त्यांनी अगदी मनापासून विचारलं. मकबूल "जमतंय की" म्हणणार एवढ्यात लिंबाजी बोलला.

"पिंजऱ्यानं पाय गेलेत," तो म्हणाला.

त्या दिवसातलं त्याचं ते पहिलं वाक्य होतं. साहेबांच्या मिशा हलल्या. तार चांगली जाड आहे, जवळजवळ विणलेली आहे, आपण स्वतः तळहातानं दाबून बघितलंय, काहीही टोचत नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. लिंबाजीनं शांतपणे ससा बाहेर काढून मांडीवर घेतला आणि पिंजऱ्याचं वरचं झाकण उघडलं.

"हातानं न्हाय, सायेब. हुबं राहून बगा."

आता मागं हटणं म्हणजे अमीनपणाला बट्टा. साहेबांनी बूट काढले, मोजे काढले, विजार पोटरीपर्यंत गुंडाळली. मकबूल आणि शिवलिंगप्पानं पिंजरा जमिनीवर घेतला, तबक काढून चार बाजूंना विटा लावल्या, आणि साहेब दोघांच्या खांद्यांवर हात टाकून पिंजऱ्यात उतरले. पाच मिनिटं उभा राहून दाखवतो, घड्याळ धरा, असं त्यांनी फर्मावलं. मकबूलनं त्यांचं खिशातलं घड्याळ हातात धरलं.

पहिल्या मिनिटाला साहेबांनी ही तार किती तपासून घेतली ते सांगितलं. दुसऱ्या मिनिटाला सांगताना मध्येमध्ये थांबू लागले. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवला, मग दुसरा उचलून पहिल्यावर. टोपीखालून घामाची धार लागली. पिंजऱ्याची तार त्यांच्या वजनानं खोलगट होऊन करकरायला लागली. सिकंदर लिंबाजीच्या मांडीवरून हे सगळं कान ताठ करून बघत होता.

"कितने हुए?" साहेबांनी विचारलं.

"साडेतीन, हुजूर. पर न्हाय जमलं तर..."

जमणार, असं साहेब दात आवळून म्हणाले.

या सगळ्यात फाटकाशी मोटार थांबल्याचा आवाज कुणाच्याच ध्यानात आला नाही. त्या वर्षात हैदराबादहून कोळशावरची मोटार कधी वेळेवर आली नव्हती. कधी चार तास, कधी अख्खा दिवस उशीर. ती वेळेआधी येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण लग्नघरी बेगमचा जीव सशावाचून रमेना, म्हणून त्या ठरल्या दिवसाच्या आदल्याच दिवशी निघाल्या होत्या. दारात बुरख्याचा पडदा वर करून त्या उभ्या राहिल्या.

त्यांना दिसलं ते असं: आपले मालक अनवाणी, विजार वर केलेली, टोपी डोक्यावर, सशाच्या पिंजऱ्यात एका पायावर उभे. शेजारी एक नालबंद घड्याळ घेऊन. आणि कोपऱ्यात एक पहिलवान सिकंदरला मांडीवर घेऊन बसलेला.

बेगमनी आधी पिंजरा बघितला, मग मालक.

"आपकू बराबर आया पिंजरा," बेगम म्हणाल्या.

साहेब काहीतरी तपासणीबद्दल बोलू लागले. पण बेगमनी तोवर सिकंदरला उचललं होतं आणि त्याच्या टाचा बघितल्या होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, हा गालिच्यावरून तारेवर कुणी नेला? शिवलिंगप्पा छताकडं बघू लागला. मकबूलनं घड्याळाला किल्ली दिली. तार कुठून आली आणि कशासाठी हे साहेबांनाच सांगावं लागलं, तेही पिंजऱ्यातून, कारण बाहेर पडायला हात द्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर बंगल्यात हुकूम चालला तो बेगमचा. कडुलिंबाचा पाला घालून पाणी उकळलं, कोमट केलं. टाचा हळूच धुऊन मऊ फडक्यानं कोरड्या टिपल्या, तुपात हळद घोटून पातळ लेप दिला आणि तो चाटून टाकू नये म्हणून बेगम स्वतः अर्धा तास त्याला दुधाणी नावाच्या रानपाल्याची पानं भरवत बसल्या. कुलसुमबीची वाकळ खोलीच्या सावलीच्या कोपऱ्यात पसरली, वर वाळलेलं गवत हातभर उंच.

मकबूलला मात्र अजून काहीतरी खटकत होतं. सशाच्या नखांकडं बघता बघता त्याला उमगलं. बैलाचा खूर वाढला की बैलाचा तोल मागं जातो आणि चाल बिघडते. इथंही तसंच होतं. नखं वाढून वाकडी झालेली. पंजा पुढून उचलला जायचा आणि अंगाचा सगळा भार टाचेवर यायचा. ही गोष्ट त्याच्या धंद्यातली होती. त्यानं हे एकदाही न अडखळता बेगमना सांगितलं आणि न्हाव्याकडून नखं काढायची नराणी मागवून घेतली. लिंबाजीनं सिकंदरला छातीशी धरलं आणि बैल पाडताना करायचा तसा घशातल्या घशात हुंकार लावला. मकबूलनं एकेक नख खिडकीतल्या उन्हासमोर धरलं. पांढऱ्या नखात लाल शीर दिसते, तिच्या अलीकडं कापायचं. अठरा नखं काढली. थेंबभर रक्त नाही, एक लाथ नाही. सहा दिवसांत पहिल्यांदा त्याला आपण कोण आहोत ते आठवलं.

राहता राहिला खुराक. साहेबांना खूश करायला येणारा प्रत्येक व्यापारी सिकंदरसाठी गूळ, भिजवलेली डाळ, खोबरं असं काही ना काही आणायचा, आणि एवढ्या गोळ्याचा भार त्या चिमुकल्या टाचांवर पडत होता. बेगमनी ते सगळं बंद केलं. सकाळ-संध्याकाळ वाळलेलं गवत, वर मूठभर हिरवा पाला, आणि दिवसातून दोनदा अंगणातल्या मातीत हिंडणं. गवत बदलायचं काम शिवलिंगप्पाकडं आलं. पण लिंबाजी रोज दुपारी येऊन गवतात हात घालून बघायचा. ओलं लागलं तर बोलायचा काही नाही, नुसता शिवलिंगप्पाकडं बघायचा. शिवलिंगप्पा पळत जाऊन नवं आणायचा.

पंधरा दिवसांत भेग मिटली. दीड महिन्यात टाचांवर पिसासारखी बारीक लव आली आणि सिकंदर अंगणात उड्या मारू लागला. साहेबांचे तळवे त्याच्या आधी बरे झाले, पण आठवडाभर तेही नाक्यावर खुर्ची सोडून उठत नव्हते. व्यापाऱ्यांना वाटलं, साहेब काहीतरी मोठं मनात योजतायत. त्या आठवड्यात नाक्यावरून एकही माणूस चढ्या आवाजात बोलून गेला नाही.

पुढच्या वर्षी साहेबांची बदली हैदराबादकडं झाली. निरोप द्यायला मकबूल आणि लिंबाजीही गेले होते. सामान मोटारीत चढलं, साहेब बसले, बेगम बसल्या. मोटार काही सुरू होईना. भट्टीत कोळसा घातला, पंखा फिरवला, शेवटी सगळे मागून ढकलायला लागले. बेगमनी तेवढ्यापुरता सिकंदरला खिडकीतून लिंबाजीच्या हाती दिला, भट्टीच्या धुरात नको म्हणून. तेवढ्यात मोटार जी सुरू झाली ती थांबायचं नाव घेईना. थांबवली तर पुन्हा सुरू होणार नाही, असं ड्रायव्हर ओरडून सांगत होता. बेगम खिडकीतून हात बाहेर काढून बोलावत होत्या. आणि साठीचा लिंबाजी, दोन्ही हातांत ससा छातीशी धरून, हैदराबादच्या सडकेनं मोटारीमागं धावत होता.

पुढं चढावर मोटार हळू झाली, तेव्हा त्यानं तिला गाठलं. मकबूलला लांबून एवढंच दिसलं की लिंबाजी मोटारीबरोबर चालत खिडकीशी काहीतरी बोलतोय. चांगलाच वेळ बोलत होता.

बऱ्याच वेळानं तो दुकानावर परत आला, धुळीनं माखलेला. काय एवढं सांगत होतास, असं मकबूलनं विचारलं.

"नखं म्हैन्याला काढा म्हनलं. गवत कोरडं ठेवा. गूळ देऊ नगा," लिंबाजी म्हणाला. "पाय दाबून बगितले जाताना. मऊ हायेत."

दुकानापुढच्या लिंबाखाली माकणीचा एक बैल ताटकळत उभा होता. लिंबाजीनं खुंटीवरचा दोर काढला आणि त्याच्याकडं गेला.